पडद्यावर ‘माहीत नाही’ला जागा ठेव

कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई

चि. चिऊस,


तुला बंगळुरूची नोकरी लागल्याचं दादानं फोनवर सांगितलं. कामाचं स्वरूप तू स्वतः व्हॉट्सॲपवर कळवलंस: लढाऊ विमानाच्या पोटाखाली टांगलेल्या पॉडमधला इन्फ्रारेड कॅमेरा जे चित्र पाठवतो, त्यातली गाडी कुठली, माणूस कुठला, हे संगणकानं आपणहून ओळखायचं, आणि तो प्रोग्राम तुमचा गट लिहिणार. दादा खूश आहे. वहिनी गप्प आहे. तुझ्या मैत्रिणीनं ‘हे माणसं मारायचं काम आहे’ असं तोंडावर सांगितलं, हेही तूच लिहिलंस आणि खाली विचारलंस, ‘आत्या, तुला काय वाटतं?’

याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावणारं नाही. शिवाय हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. कांजूर स्टेशनाबाहेर पवईच्या आयआयटीकडे जाणाऱ्या रिक्षांसाठी रोज जी मुलं रांगेत उभी असतात, त्यांतली कितीतरी उद्या अशीच कामं करणार आहेत. म्हणून हे पत्र तुला पाठवते आहे आणि छापायलाही देते आहे.

माझं मत आधीच सांगते. जा. मन लावून काम कर. मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावू नकोस, पण त्या एका वाक्यासाठी नोकरीही सोडू नकोस. का ते सांगते.

कारगिल तुझ्या जन्माआधीचं. १९९९ साली हवाई दलप्रमुख होते अनिल यशवंत टिपणीस, आपले मराठी. २६ मे रोजी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झालं, पण त्याआधीच, २१ तारखेला, टेहळणीला गेलेल्या आपल्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागलं होतं. वैमानिकांनी ते कसंबसं परत आणलं. २७ मे रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ पडलं. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं आणि त्यातले चौघेही गेले: राजीव पुंडीर, एस. मुहिलन, पी. व्ही. एन. आर. प्रसाद, राज किशोर साहू. ही नावं आता फारशी कुणाला आठवत नाहीत; तू लक्षात ठेव. खांद्यावरून डागायची ती क्षेपणास्त्रं इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येतात. म्हणजे त्या लढाईत इन्फ्रारेडचा डोळा आधी उघडला तो समोरच्याच्या हातात.

त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं हल्ल्याच्या कामातून मागे घेतली गेली आणि विमानांना क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर राहायला सांगितलं गेलं. तेवढ्या उंचीवरून डोंगराच्या धारेवरचा तंबू साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या तंबूवर टाकलेला बॉम्ब दरीत जातो. तेव्हा इस्रायलकडून घेतलेला ‘लायटनिंग’ नावाचा पॉड मिराज-२००० विमानांवर घाईनं बसवण्यात आला. त्यात इन्फ्रारेड कॅमेरा असतो आणि लेसरही: कॅमेऱ्यानं तंबू शोधायचा, लेसरचा ठिपका त्यावर धरून ठेवायचा आणि बॉम्बनं त्या ठिपक्याकडे जायचं. ढग आडवे आले की सगळं थांबायचं. २४ जून रोजी टायगर हिलवरचं ठाणं अशा रीतीनं उडवलं. ते पाहायला टिपणीस स्वतः एका मिराजमध्ये बसून गेले होते. ४ जुलैला आपले जवान त्या शिखरावर पोहोचले. दगडाला नखं रोवून जे वर चढले, त्यांतल्या काहींचे प्राण त्या पॉडमुळे वाचले, असं मी मानते. म्हणूनच मैत्रिणीचं वाक्य मला अपुरं वाटतं. हा डोळा नसता तर युद्ध टळलं नसतं, बॉम्बही पडायचे थांबले नसते. ते आंधळेपणानं पडले असते.

आता थोडी शिकवणी. माझी सवय तुला ठाऊक आहे. पण हे पत्र तुझ्या आईसारख्या वाचकांसाठीही आहे, आणि ‘नाइट व्हिजन’ या एका नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात.

पहिली म्हणजे वैमानिकाच्या हेल्मेटवरचा गॉगल. त्याला थोडा तरी प्रकाश लागतो, चांदण्यांचा का होईना. त्या अंधुक प्रकाशानं नळीतल्या पडद्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, लाखो सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि पलीकडच्या पडद्यावर हिरवट चित्र उमटवतात. हिरवंच का, तर माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या छटा सर्वांत जास्त कळतात. या नळ्या आपल्या महाराष्ट्रातच होतात: पुण्याच्या भोसरी औद्योगिक वसाहतीत ‘बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस’ ही सरकारी कंपनी १९९० पासून त्यासाठीच उभी आहे. गॉगल घातल्यावर फक्त चाळीस अंशांचा तुकडा दिसतो, खोलीचा अंदाज जातो, मानेवर ओझं येतं. तरीही वैमानिक त्यावर भरवसा ठेवतात, कारण त्याच्या मर्यादा त्यांना पाठ असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझी, थर्मल कॅमेऱ्याची. त्याला प्रकाश लागतच नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथं थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. जगातली प्रत्येक वस्तू ते सोडत असते. सदतीस अंशांचं माणसाचं शरीर सर्वांत जास्त सोडतं ते नऊ-दहा मायक्रॉन लांबीच्या लहरींत. हवा यातल्या बऱ्याच लहरी गिळून टाकते, फक्त तीन ते पाच आणि आठ ते बारा मायक्रॉन अशा दोन खिडक्या मोकळ्या ठेवते. साधी काच या लहरींना भिंतीसारखी, म्हणून भिंग जर्मेनियमचं करतात. डोळ्याला तो धातूचा गोळाच दिसतो, पण उष्णता त्यातून आरपार जाते. आणि अशा पॉडमधला संवेदक उणे १९६ अंशांच्या आसपास गार करावा लागतो, कारण तो स्वतःच गरम असेल तर भटारखान्यात भट्टीला पाठ लावून उभ्या असलेल्याला दूरच्या निखाऱ्याची धग ओळखायला सांगितल्यासारखं होतं.

त्या संवेदकांचं एक मुख्य मिश्रण पारा, कॅडमियम आणि टेल्युरियमचं. १९५९ साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या सरकारी प्रयोगशाळेत ते प्रथम तयार झालं. आपल्या शेजारी पवईत प्रा. सुभानंद चक्रबर्ती यांच्या गटानं वेगळ्या वाटेनं, क्वांटम डॉटचे, संवेदक करून पाहिले. एम.टेक. करताना माझ्याकडे राहून तू तिथं जायचीस, तेव्हा रात्री जेवताना हे सगळं मला तूच समजावत होतीस. माझ्या निवृत्तीनंतरचं भौतिकशास्त्र मी तुझ्याकडून शिकले आहे.

चांगला संवेदक एका अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही टिपतो. हे खरं, पण वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘फरक’ हा आहे. तो वस्तू पाहत नाही, वस्तू आणि तिच्या पाठीमागची पार्श्वभूमी यांच्यातला फरक पाहतो. टायगर हिलवर पाठीमागे बर्फ होतं आणि पुढे माणसांनी ऊब धरलेला तंबू. त्याहून सोपी परीक्षा नाही. आपल्याकडची परीक्षा घे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता, नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं, टेहळणीचं पी-८आय विमान, सगळे धावले. १८६ जणांना वाचवलं. कांजूरच्या नेव्हल कॉलनीत लहानाची मोठी झालेली मी, त्या दिवसांत टीव्हीसमोरून उठले नाही. मे महिन्यातला अरबी समुद्र जवळजवळ तीस अंशांचा. त्यात तासन् तास भिजलेल्या माणसाची कातडी पाण्याच्याच तापमानाला येते. वर फक्त डोकं, तेही लाटेआड. हवेत बाष्प, वरून पाऊस, आणि बाष्प हेच या किरणांना सर्वांत जास्त गिळतं. बर्फावर जो कॅमेरा काही किलोमीटरवरून माणूस दाखवतो, त्याची आपल्या पावसाळ्यात काय गत होत असेल याचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला करता येईल.

वादळच हवं असंही नाही. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अशी वेळ येते की वस्तू आणि पार्श्वभूमी यांचं तापमान सारखं होतं आणि चित्रातून वस्तू पुसली जाते. आपल्या घरामागची मिठागरं, चिखल आणि खारफुटी यांना ही वेळ वेगवेगळी येणार, कारण प्रत्येकाची तापण्याची आणि निवण्याची चाल वेगळी. कोरड्या वाळवंटातल्या चित्रांवर शिकलेला प्रोग्राम ठाण्याच्या खाडीवर आणून सोडला तर तो काय ओळखेल? शिकवायची चित्रं कुठून आली, कुठल्या ऋतूतली, कुठल्या वेळची, हे पहिल्याच आठवड्यात विचार. नवीन आहेस तोवर असे प्रश्न विचारण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१९५८ साली अमेरिकी लष्कराच्या नाइट व्हिजन प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी एक मापन केलं, ते आजही या धंद्याची मोजपट्टी आहे. अंधुक चित्रातून माणसाला नेमकं काय कळतं? त्यांनी पायऱ्या पाडल्या. ‘तिथं काहीतरी आहे’ एवढं कळायला त्या वस्तूच्या अरुंद बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक जोडी दिसली तर पुरे. ती गाडी आहे की माणूस, हे कळायला चार जोड्या. गाडी नेमकी कुठल्या बनावटीची, हे कळायला साडेसहाच्या जरा आत. हे आकडे तुला अभ्यासक्रमात होते. पण त्यांच्याबरोबर जोडलेली अट पुष्कळदा गळून पडते: हे आकडे अर्ध्या वेळा बरोबर येण्याचे आहेत. ‘ओळख पटली’ म्हणजे शंभरातली पन्नास.

आणि त्या जिन्याला पुढची पायरीच नाही. गाडी ट्रक आहे हे कळलं; त्यात दारूगोळा आहे की लग्नाचं वऱ्हाड, हे सांगणारी पायरी जॉन्सन यांनी काढली नाही, कारण ती रेघांनी मोजता येत नाही. उष्णता सांगते की इथं कुणीतरी जिवंत आहे. तो कोण आहे, हे उष्णतेत लिहिलेलं नसतं.

३ ऑक्टोबर २०१५ ची पहाट. अफगाणिस्तानातलं कुंदुझ. तिथं ‘मेदसाँ साँ फ्रंतिएर’ या संस्थेचं जखमींसाठीचं रुग्णालय चालू होतं. संस्थेनं काही दिवस आधी त्याचा अक्षांश-रेखांश अमेरिकी सैन्याला पुन्हा कळवला होता. त्या रात्री अमेरिकी हवाई दलाचं एसी-१३० विमान दुसऱ्याच एका इमारतीवर हल्ला करायला आलं. क्षेपणास्त्राच्या धोक्यानं ते नेहमीपेक्षा दूर घिरट्या घालत होतं. दिलेला अक्षांश-रेखांश यंत्रात भरला तेव्हा कॅमेरा इच्छित इमारतीपासून सुमारे तीनशे मीटरवरच्या रिकाम्या शेतावर जाऊन थांबला. मग विमानातल्यांनी काय केलं? तोंडी सांगितलेल्या वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत शोधली. ती रुग्णालयाची निघाली. पुढे विमान जवळ आल्यावर यंत्रानं तोच अक्षांश-रेखांश बरोबर इमारतीवर दाखवला, तरी ते आधी ठरवलेल्या इमारतीलाच धरून राहिले. छतावर संस्थेचे झेंडे होते. कापडाचा रंग थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही. ४२ माणसं मेली: रुग्ण, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर, परिचारिका.

चिऊ, हे पुन्हा वाच. कॅमेरा बिघडला नव्हता. चित्र स्वच्छ होतं. आतबाहेर चालणारी माणसं दिसत होती. यंत्रानं दोनदा शंका उपस्थित केली होती, एकदा शेत दाखवून आणि एकदा योग्य इमारत दाखवून. पण ती शंका पडद्यावर शंकेच्या रूपात आली नाही. ती नुसती एक चुकलेली खूण म्हणून आली आणि माणसांनी ती दुरुस्त करून टाकली. अमेरिकी सैन्याच्या चौकशीत सोळा जणांवर कारवाई झाली. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत मोठा दोष असा की ‘आम्हाला नक्की माहीत नाही’ हे म्हणायची सोय ना यंत्रात होती, ना त्या माणसांच्या घाईत.

आणि आता या घाईत तुझा प्रोग्राम येणार. तो कसा वागतो हे तू मला कागदावर काढून दाखवलं होतंस. त्याला दहा वर्ग शिकवले तर तो समोर येईल ते त्या दहांपैकी कशात तरी बसवतो आणि सगळ्यांची टक्केवारी मिळून शंभर करतो. रणगाडा, ट्रक, जीप एवढंच शिकवलं असेल तर पाण्याचा टँकर ‘ट्रक, ब्याण्णव टक्के’ म्हणून येईल आणि ॲम्ब्युलन्स ‘जीप’ म्हणून. ते ब्याण्णव म्हणजे सत्याची खात्री नव्हे, शिकवलेल्या पर्यायांतली चढाओढ आहे. तुला हे माहीत आहे. ढगांच्या वर, ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या, इंधनाचा काटा पाहणाऱ्या तिशीतल्या वैमानिकाला ते माहीत असेलच असं नाही. त्याला दिसेल एक चौकट आणि एक आकडा. आकड्यावर माणूस चटकन विश्वास ठेवतो. मी आयुष्यभर मुलांना आकडे शिकवले, मला हे ठाऊक आहे.

म्हणून माझी एकच मागणी आहे. तुमच्या त्या वर्गांच्या यादीत ‘माहीत नाही’ हा वर्ग घाल. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. ‘रणगाडा’ ज्या आकारात लिहाल त्याच आकारात. कारणही सोबत दे: अंतर जास्त आहे, मध्ये ढग आहे, वस्तू आणि जमीन सारखी तापलेली आहे, असलं काही शिकवलेलंच नाही. अक्षांश-रेखांश एक सांगतो आणि चित्र दुसरं, असं झालं तर तो विरोध लपवू नकोस, ठळक दाखव. आणि शिकवायच्या चित्रांत ॲम्ब्युलन्स घाल, कोळ्यांच्या होड्या घाल, रात्री छतावर झोपलेली कुटुंबं घाल, रुग्णालयाच्या आवारातली गर्दी घाल. ज्यांच्यावर मारा करायचा नाही त्यांची चित्रं जिथं नाहीत, तिथं यंत्राला त्यांना वगळता कसं येणार?

गटातले लोक म्हणतील, वैमानिकाला वेळ नसतो, पडदाभर ‘माहीत नाही’ आलं तर तो ते बंदच करून टाकेल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. सतत ओरडणारं यंत्र कुणी ऐकत नाही. पण म्हणूनच तुझ्यासारखी हुशार माणसं तिथं हवीत: केव्हा शंका सांगायची आणि केव्हा गप्प राहायचं, हे ठरवणं हेच तर कठीण काम आहे.

ते होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच हवाई दलानं दिला आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली तेव्हा तिथं अडकलेल्या भारतीयांना ‘ऑपरेशन कावेरी’त सोडवायचं होतं. २७ च्या रात्री आपलं सी-१३०जे विमान खार्टूमच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवरच्या वादी सय्यिदना धावपट्टीवर उतरलं. तिथं दिवे नव्हते, उतरण्यासाठी मार्ग दाखवणारी यंत्रणा नव्हती, धावपट्टी खराब होती. उतरण्याआधी त्यांनी इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं धावपट्टी तपासली: वाटेत काही पडलेलं नाही ना, आसपास शत्रू दबा धरून नाही ना. खात्री झाल्यावर गॉगल लावून त्या अंधारात विमान उतरवलं, इंजिनं चालू ठेवली, १२१ माणसांना आत घेतलं आणि निघाले. त्यांत एक गरोदर बाई होती. तीच उपकरणं, तेच भौतिकशास्त्र. फरक हा की त्यांनी कॅमेऱ्याला प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत थांबले.

तुझ्या मैत्रिणीला हे पत्र दाखव आणि तिच्याशी भांडू नकोस. ती जे म्हणते आहे ते विसरून हे काम करणारा माणूस मला नको आहे, आणि ते लक्षात ठेवून करणारी तू मला हवी आहेस. वहिनीशी मी बोलते.

कामाचं बाकी काही मला सांगू नकोस, सांगायचंही नसतं. पण पहिल्या आढाव्याच्या बैठकीत हा विषय मांड. ज्येष्ठांनी हसून टाळला तर दुसऱ्या बैठकीत पुन्हा मांड. आणि दिवाळीला येशील तेव्हा त्या यादीत ‘माहीत नाही’ आलं की नाही, तेवढं मला हो किंवा नाही म्हणून सांग.

तुझी,
आत्या